चारपासून सुरू होणारा टेप

१ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. मोठे कोच ठेवतातच.

कारण असं की, काल मशीनवर बसल्या बसल्या दुकानातून शाळेचं मैदान दिसलं. दादाची रुचिका उडी मारत होती. दहावीतली पोर, पण हवेत गेली की परत यायची घाईच नाही. मी काज करता करता थांबलो. मला अशा गोष्टी कळतात. लोकांना मी राजपाल टेलर्स, धनज एवढाच माहीत आहे, पण मुळात मी खेळाडू. चोवीस वर्षांपूर्वी पोलीस भरतीत धावण्यात पास झालो होतो. उंचीत मारलं. हवी होती १६५. घरच्या टेपनं १६९, तिथे १६३! दोन सेंटिमीटरनं नोकरी गेली. मोजणाऱ्यानं कोणाचं तरी काम करून दिलं असणार. तेव्हापासून सरकारी मापावर आपला भरवसा नाही.

निश्चय : रुचिकाचा कोच मीच. रोज पाचला उठणे. तंबाखूचा खर्रा बंद.

२ ऑगस्ट, सकाळी ७.४०
मैदानावर पोचलो. रुचिका प्रॅक्टिस संपवून घरी गेलेली. शिस्त लावावी लागेल.

खर्रा आजचा शेवटचा.

५ ऑगस्ट
शाळेच्या रेणू मॅडम स्टीलचा टेप घेऊन आल्या. नम्रपणे परत पाठवलं. माझ्याकडे बाबांचा टेप आहे. बाबा असताना त्याचं टोक उंदरानं कुरतडलं, तेव्हा बाबांनी तेवढं कापून पितळी टोपी पुन्हा बसवली. म्हणून तो चारपासून सुरू होतो. पहिले तीन आकडे नसले तर काय बिघडलं? एक-दोन-तीनचं माप घ्यायला दुकानात कोण येतं? याच टेपनं माप घेतो, याच टेपनं कापतो, तीस वर्षांत एक कपडा परत आला नाही. फक्त मागच्या वर्षी शाळेनं चिठ्ठीवर मापं लिहून पाठवली आणि साठ शर्ट तंग झाले. पण ती पोरं सुटली होती. शाळेतली खिचडी.

रुचिकाची उडी : ४.८२. मॅडमच्या टेपनं ४.७० आली होती म्हणे. माझ्या हाताखाली पाच दिवसांत बारा सेंटिमीटर!

१४ ऑगस्ट
खड्ड्यात रेती हवी होती, मिळाली नाही. मी सोयाबीनचं जुनं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, भरलं. मऊ, स्वस्त, वैज्ञानिक.

१५ ऑगस्ट
आज खड्डा म्हशीनं खाल्ला. शेषरावांची म्हैस. शेषरावांना जाब विचारला तर म्हणे, कुटार जमिनीत ठेवलं तर ते म्हशीले ताट वाढल्यासारखंच झालं ना भाऊ. रेणू मॅडमनी कुठून तरी ट्रॉलीभर रेती आणवली. रेतीची कल्पना मूळ माझीच.

२९ ऑगस्ट
मॅडम म्हणतात, रुचिकाला तिहेरी उडीत घाला, तिच्या पायात लय आहे. तिहेरी उडी म्हणजे आधी लंगडी, मग एक ढांग, मग उडी. मी साफ नाही म्हटलं. लंगडी खेळायला कोच लागत नाही. रुचिका म्हणे, काका, मले ते आवडते. मी समजावलं की आवडणं आणि करिअर वेगळं.

ती मॅडमबरोबर तेही करते असा संशय आहे. मी यायच्या आधी काय चालतं ते कळायला मार्ग नाही.

८ सप्टेंबर
दादाकडे गेलो होतो. दादा आणि भुरीबाई वहिनी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ते सहा महिन्यांनी येतात. दादा म्हणे, राजपाल, औंदा रुचिकाले संगं घेऊन जातो, भाकरी टाकायले हात पाह्यजे. मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, जिल्ह्यात पहिली आली की अमरावतीला विभागीय, तिथून क्रीडा प्रबोधिनी, राहणं-खाणं-शिक्षण सगळं त्यांचं. दादा म्हणे, पहिली येईन काय पण? मी म्हटलं, माझी गॅरंटी.  मी निघालो तेव्हा फाटकापाशी वहिनी म्हणाल्या, भाऊजी, पोरीच्या दहावीचा सवाल हाय, पाहा बरं.

रुचिका दाराआड उभी होती. सगळं ऐकलं असावं.

आता उद्यापासून खरंच पाचला.

२२ सप्टेंबर
५.१०!! दुकानाच्या पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' शब्द बसतो का ते पाहिलं. 'लेडीज' पुसावं लागेल.

२९ सप्टेंबर
आज रनअप. उडीच्या फळीपासून मागे तीस मीटर. टेप दीड मीटरचा, म्हणजे वीस वेळा टाकावा लागला. गुडघे गेले. तिथे दगड ठेवला. रुचिका त्या दगडापासून धावली की पाय बरोब्बर फळीवर. दहा वेळा धावली, दहाही वेळा. वाशीमला जिल्हा स्पर्धेत पट्टीशेजारी टेप अंथरलेलाच असतो, तिथे तीसवर खूण करायची की झालं.

रुचिकानं दगडापासून फळीपर्यंत टाचेला चवडा लावत मोजलं. एकशे बावीस पावलं. म्हणे, लक्षात ठेवते. मी रागावलो. पावलानं शेत मोजतात, रेकॉर्ड नाही. तीस म्हणजे तीस. तिनं मान हलवली. पोर ऐकणारी आहे.

८ ऑक्टोबर, वाशीम
सविस्तर लिहितो. डोकं शांत आहे.

सकाळी बसनं आलो. मी, रुचिका, मॅडम, वहिनी. कोचची सफारी मी स्वतः शिवली होती. लांब उडी अकराला. मी स्वतः त्यांच्या टेपवर तीसला खूण केली.

पहिली उडी. रुचिकाचा पाय फळीच्या अडीच वीत अलीकडेच पडला. ४.३९. मी ओरडलो, दम धर. दुसरी, तीच गत. ४.३६. ती माझ्याकडे बघून म्हणाली, काका, फळी दूर गेली. मी म्हटलं, फळी कुठे जाते, तू मागून ये, जोर मिळेल. तिसरीला अजून मागे उभी केली. ३.९४. अकरा मुलींत दहावी.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला सहन झालं नाही. मी सरळ पंचांकडे गेलो आणि म्हटलं, तुमचा टेप लांब आहे. हाच प्रकार चोवीस वर्षांपूर्वी माझ्याबरोबर झाला. खिशातून बाबांचा टेप काढला आणि म्हटलं, करा दूध का दूध.

पंच भला माणूस. दोन्ही टेप जमिनीवर टोकाला टोक लावून ठेवले. बरेच लोक जमले. तो वाकून पाहत राहिला. मग म्हणे, भाऊ, तुमचा टेप चारपासून सुरू होते.

मी म्हटलं, माहीत आहे.

यानंतर लोक का हसले ते कळलं नाही. पंच बोटांवर काही मोजत बसला आणि म्हणे, दर दीड मीटरले तीन सेंटिमीटर, वीस वेळा, म्हणजे तुमचे तीस मीटर साठ सेंटिमीटरनं कमी. पोरगी गावात एकोणतीस चाळीसवरून धावून राह्यली होती. काहून तिले इतक्या मागून धावाले लावलं?

मी म्हटलं, माझे कपडे कधी चुकले नाहीत. तो म्हणे, ज्या टेपनं मापते त्यानंच कापते, तर कायले चुकते?

मला पाणी प्यायचं होतं म्हणून मी बाजूला गेलो.

दुपारी तिहेरी उडी. मॅडमनी तिचं नाव परस्पर दिलं होतं. विश्वासघात! मी झाडाखाली बसून राहिलो. रुचिका एकटीच पट्टीवर गेली. तिथे त्यांचा टेप होता, त्याकडे बघितलंही नाही. फळीपाशी उभी राहिली आणि टाचेला चवडा लावत मागे मोजत गेली, ओठ हलत होते. सगळं मैदान थांबलं. मग धावली. लंगडी, ढांग, उडी.

१०.६४. पहिली.

वहिनी धावत जाऊन रेतीतच बसल्या. मीही उठलो, पण सफारीची पँट मांडीत उसवली होती.

११ ऑक्टोबर
अमरावतीच्या फॉर्मवर 'प्रशिक्षक' म्हणून रेणू मॅडमचं नाव आहे. जागा लहान असते.

५ नोव्हेंबर
अमरावतीत दुसरी. प्रबोधिनीत निवड. दादा आणि वहिनी सोमवारी भट्टीवर जाणार, दोघंच. दादानं माझा हात धरला. म्हणे, तुये उपकार. मी नुसती मान हलवली. तोंडात खर्रा होता.

१२ नोव्हेंबर
नवा टेप घेतला. एकपासून सुरू होतो. रजिस्टरातल्या जुन्या मापानं शेषरावांची पँट कापली. ते दुकानासमोर कमरेला हात लावून उभे. म्हणे, राजपाल, ही मले शिवली का म्हशीले?

रजिस्टरात चारशे माणसं आहेत.

१५ नोव्हेंबर
रुचिका आली, प्रबोधिनीच्या ट्रॅकसूटचं माप पाठवायचं होतं. नव्या टेपनं घेतलं. मग ती म्हणे, काका, आता तुमी उभे राहा, मी मोजते. मी भिंतीला पाठ लावली. तिनं स्टुलावर चढून माझ्या डोक्याशी पेन्सिलनं रेघ मारली, रेघेपासून खाली टेप सोडला, उरलेल्यासाठी पुन्हा लावला, नीट वाकून पाहिलं. बराच वेळ लागला तिला.

मग म्हणे, एकशे एकोणसत्तर. आणि टेप भरभर गुंडाळून माझ्या खिशात घातला. पाया पडली. बस लागली होती, गेली.

पोर माझ्याशी कधी खोटं बोलली नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळी ५.००
उठलो. अलार्मशिवाय. मैदानावर कोणी नाही.

दुकान उघडलं. भिंतीवर रेघ आहे. मोजली. पुन्हा मोजली.

१६३.

त्या भरतीतल्या मोजणाऱ्याला चोवीस वर्षं रोज शिव्या घातल्या. त्याचं नावसुद्धा माहीत नाही.