पायरीवरचे बूट

कोमो, इटली, मंगळवार

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

अण्णा मजेत आहेत, आधी तेच सांगते. फोनवर बोलताना ते शेजारीच असतात, म्हणून हे कागदावर लिहितेय. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने उतरू नकोस.

काल इथलं मोठं चर्च पाहिलं. सहाशे वर्षं जुनं, बाजूच्या दारावर दगडात चक्क बेडूक कोरलाय. अण्णांनी देवळात जाताना काढतात तसे पायरीवर बूट काढले. मला हसू आलं, म्हटलं, असू दे. आत मी रंगीत काचा बघत राहिले आणि वळले, तर अण्णा नाहीत. धावत बाहेर आले. बूट तिथेच होते.

अगं, ते बूट हातात घेऊन मी सगळं गाव पालथं घातलं. तासाभराने सापडले. तळ्याकाठी, बोटींच्या धक्क्यावर, नुसत्या मोज्यांनी उभे. ठाण्यातच असल्यासारखे मला म्हणाले, "हेमांगी, मासुंदा तलावाला हल्ली केवढी गर्दी असते! चल, आई घरी वाट बघत असेल."

नंतर छान जेवले. पास्त्याला तुझं लिंबाचं लोणचं लावून.

हे तुला कळवणारच नव्हते. पण आज त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात चिठ्ठी निघाली. "हे हरवले असल्यास कृपया मुलीला फोन करा." खाली माझा नंबर आणि ठाण्याचा पत्ता. अक्षर तुझं.

चिठ्ठी मराठीत आहे, म्हणजे या सहलीसाठी लिहिलेली नाही. घड्यांवर पार विरलीय.

आई, कधीपासून?

तुझी,
हेमांगी