सोनेरी इन्सर्ट लावू नकोस

हेस्टर,

पेन्सिल अगदी शेवटाला धरून लिहितेयस, अशी कल्पना कर. ती डुगडुगते ना? लेथचं कापणारं टूल फार बाहेर काढलं की तसंच होतं. ते आखूड धर, ते पकडणारा टूलपोस्ट घट्ट आवळ. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकावरची कापणारी टिकली, धारदारच लाव. सोनेरी बोथट असतात, त्यांचा दाब आपल्या छोट्या लेथला सोसत नाही.

मी आमच्या छोटी इंजिनं बनवणाऱ्यांच्या क्लबला गेलोय. अडलीस तर बाबाला बोलावू नकोस, तो शेडमध्ये येत नाही. तो अकरा वर्षांचा असताना सोनेरी इन्सर्ट मीच लावून दिली होती. टूल थरथरलं आणि त्याच्या छोट्या इंजिनाच्या चाकावर लाटा उठल्या. चूक माझी हे कळूनही क्लबच्या मंडळींसमोर मी म्हणालो, “वा डेरेक, यावर कपडे छान घासले जातील!” सगळे खो-खो हसले.

डेरेक चाक घेऊन घरात गेला आणि त्यावर आपला शाळेचा शर्ट घासत बसला.

— आजोबा