आडवी काटी

राहुरी,
सोमवार, ८ डिसेंबर

प्रिय माधुरीताई,

गेल्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. तू पडलीस तेव्हा वाटेत बाभळीच्या काटेरी फांद्या होत्या आणि त्या कचरूकाकांनी टाकल्या होत्या, असं मी लिहिलं होतं. तू पडलीस तेव्हा वाटेत काहीही नव्हतं. फांद्या कडेला होत्या, बांधाच्या दगडांवर, आणि तिथे त्या मी नेऊन टाकल्या होत्या, आदल्या दिवशी संध्याकाळी.

हे एवढंच लिहून पत्र बंद करावं असं दोनदा वाटलं. पण तुला ठाऊक आहे, आमच्या घरात खोडरबर नव्हतं. माझे वडील, दादा, धरणावर नोकरीला, कॉलनीत आम्ही तीनच घरं, शाळा नऊ किलोमीटरवर. त्यामुळे चौथीपर्यंत आईनेच मला ओट्याशेजारी बसवून शिकवलं. गणित चुकलं की ती पुसू द्यायची नाही. चुकलेल्यावर एक रेघ मारायची, ती सुद्धा अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर उत्तर लिहायचं. मग आई विचारायची, कुठल्या पायरीला चुकलीस ते दाखव. मी आता पायऱ्याच लिहिते आहे.

तुझं हाड कसं आहे? डॉक्टरांनी पट्टा काढला का? बंगळुरात ऑफिसला जाताना हात गळ्यात अडकवून बसमध्ये चढताना तू मला रोज दिसतेस. इकडे बागेत आता घड धरले आहेत, मोहरीएवढे मणी. वायनरीच्या मागचा चढ मी परवा एकटीने चढले. द्राक्षांच्या ओळींमधून जाताना ठिबकच्या नळीवरून चाक जाऊ नये म्हणून तू पुढून ओरडायचीस, “पंकजा, नळी!” परवा नळी आली तेव्हा मीच मोठ्याने म्हटलं. फवारणीवाला बाप्या वळून बघायला लागला.

मे महिन्यात आपण सायकल राइडची वाट आखली ते आठवतं का? अठरा किलोमीटर. बागेतून वर, टेकडीच्या सोंडेवरून खिंडीत, खिंडीतून उतरून धरणाच्या फुगवट्याकडे, आणि काठाकाठाने परत. चुन्याची बादली तुझ्या हँडलला, ब्रश माझ्या पाठीवर. कचरूकाका राखणीच्या मचाणावरून आपल्याला हसायचे. “चढ आला की खाली उतरत्यात आन् ढकलत्यात. मंग सायकल कशापायी? बकरी पाळा की, ती चढती तरी!” तू म्हणालीस, “काका, बकरीला ब्रेक नसतो.” त्यावर ते म्हणाले, “तुमच्या ब्रेकचा बी आवाज ऐकलाय म्या, लई भरवशाचा न्हाई वाटत.” पण खिंडीतली जवळची वाट त्यांनीच दाखवली होती. हे मी लोकांना सांगायला विसरले. विसरले असं लिहिणंही बरोबर नाही. सांगितलं नाही.

मे महिन्यात धरण आटलेलं होतं. खिंडीच्या खालची वाट सरळ तळाच्या जमिनीवरून जात होती. लोकांनी गाळात केलेल्या पेऱ्याची धसकटं दोन्ही बाजूला आणि मधे भेगाळलेली, सिमेंटसारखी टणक माती. तिथून दीड किलोमीटर वाचत होते. आपण खिंडीतल्या खडकावर डावीकडे बाण काढला. मी धरणावर वाढलेली मुलगी. पाणी ऑगस्टनंतर कुठपर्यंत चढतं ते दादांच्या तोंडून रोज रात्री जेवताना ऐकत मोठी झाले. फुटांचे आकडे मला पाठ होते. तरीही त्या खडकाजवळ मला पाणी सुचलं नाही. ही पहिली पायरी. इथे तूही होतीस, पण तू धरणावर वाढलेली नाहीस, म्हणून ही माझीच धरते.

दुसरी पायरी राइडच्या आदल्या दिवशीची, शनिवारची. तू फोनवर विचारलंस, “पावसाळ्यानंतर पूर्ण वाट फिरून आलीस ना?” मी म्हटलं, “हो, सगळी.” मी खिंडीपर्यंतच गेले होते. खिंडीतून पाणी दिसत नाही, मधे ते खडकाचं कुबड आहे. आपला बाण जागेवर होता, आणि बाणाच्या पुढे वाटेवर बाभळीच्या दोन मोठ्या फांद्या आडव्या होत्या. मला वाटलं, सायकलवाल्यांवर कुणीतरी राग काढला आहे. उद्या चाळीस सायकली येणार, सगळ्यांचे टायर पंक्चर होतील. मी ओढणी हाताला गुंडाळली, फांद्या ओढून बांधावर टाकल्या, पडलेले काटे एकेक वेचले. अर्धा तास वेचत होते. इतकी काळजी घेतली, ताई. आणि तिथूनच परत फिरले.

रविवारी सगळ्यांत पुढे तू होतीस. मी मागे, पिण्याच्या पाण्याच्या टेबलाजवळ. बाणाप्रमाणे तू डावीकडे वळलीस, उतारावर वेग घेतलास, आणि कुबडाच्या पलीकडे टणक मातीऐवजी गुडघाभर गाळ आणि त्याच्यापुढे धरण. पुढचं चाक रुतलं तेव्हा तू हवेत होतीस, असं मागून आलेल्यांनी सांगितलं. तुला गाडीत घालून नेल्यावर सगळे खिंडीत जमले. बांधावरच्या फांद्या कुणाला तरी दिसल्या. कुणी म्हणालं, हे कचरूचं काम, सायकलींनी शेरडं बुजतात म्हणून तो मागेही कुरकुरला होता. कुणी म्हणालं, काटे चुकवायला गेली असणार ती. बागेचे मालक आप्पासाहेब, त्यांनी मला विचारलं, कारण वाट तपासायचं काम माझ्याकडे होतं, “पंकजा, या फांद्या वाटेवर होत्या का?” मी म्हटलं, “हो.” वाटेवर त्या होत्याच, फक्त आदल्या दिवशी. ते मी म्हटलं नाही. ही तिसरी पायरी. इथून पुढचं गणित माझं राहिलं नाही, लोकांनी ते सोडवलं. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी कचरूकाकांना राखणीवरून काढलं. बावीस वर्षं ते त्या बागेत होते. माझं नाव कुणी घेतलं नाही. उलट मी रडत होते म्हणून मला चहा दिला. तुला शुद्धीवर आल्यावर नीट आठवत नव्हतं, म्हणून मी ते पत्र लिहिलं. तू ते वाचून तिकडे सगळ्यांना तसंच सांगितलंस.

गेल्या गुरुवारी मी कचरूकाकांच्या वस्तीवर गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. काका नव्हते. बनुबाई, त्यांची बायको, दारात तूर पाखडत होती. म्हणाली, “त्यो गेलाय कोपरगावाकडं, टोळीसंगं, ऊस तोडाया. साठीला आलेल्या मानसानं कोयता धरला, काय करनार.” मग सुपातून मान वर न करता म्हणाली, “तुमी शिकल्याली मान्सं. वाट बंद हाय हे सांगायला काटी आडवी लावत्यात, येवढं बी ठावं न्हाई? पानी चढलं की दरसाल लावतो त्यो. एकदा म्हस रुतली हुती तितं, तवापासनं. तुमा पोरींसाठीच लावली हुती ह्या येळेला. मला म्हनला, सायकली येनार हायती, दोन फांद्या जास्त लावतो.”

मला म्हणाली, बस, पाणी पी. मी प्यायले. फांद्या मी काढल्या हे तिला मी तेव्हाही सांगू शकले नाही. तांब्या विसळून पालथा ठेवला आणि आले.

आता शेवटची पायरी, जी कुणी विचारणार नाही. शनिवारी मी खिंडीच्या खाली का उतरले नाही? अंधार पडला नव्हता. पाय दुखत नव्हते. खाली तो सपाट खडक आहे, जिथे बसून आपण डबे खायचो, पाय पाण्याकडे सोडून. त्याच सकाळी तू सांगितलं होतंस की राइड झाली की मंगळवारी नोकरीसाठी बंगळूर, आणि आता सुट्टीलाच येणं. त्या खडकापाशी एकटीने जायची मला हिंमत झाली नाही. एवढंच कारण आहे. चाळीस जणांच्या वाटेची तपासणी मी एवढ्यासाठी अर्धी सोडली. तू माझी एकच मैत्रीण आहेस, हे तुला सांगायची ही वेळ नव्हे. पण ते वगळलं तर उत्तर जुळत नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर माझ्या तोंडून पटकन ‘हो’ निघतं. पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तू हे माझ्याकडून वाचावंस, म्हणून लिहिलं. माफ कर असं लिहीत नाही. तू काय करायचं ते तुझं तू ठरव, आणि मला उत्तर आलं नाही तरी पुढचं बदलणार नाही. कचरूकाकांवर आळ आला तो सगळ्या सायकलवाल्यांसमोर, म्हणून तो उतरायलाही तेच सगळे समोर हवेत. नव्या वाटेसाठी त्यांची बैठक वायनरीच्या अंगणात आहे. आप्पासाहेबही असणार. तिथे उभी राहून सगळ्या पायऱ्या सांगेन, मग वस्तीवर बनुबाईंकडे जाईन, आणि दुपारच्या एस्टीने कोपरगावला, काकांची टोळी ज्या फडावर असेल तिथे. खडकावरच्या बाणावर कालच चुन्याची एक रेघ मारून आले आहे. खालचा बाण अजून वाचता येतो. बाकीचं रविवारी, १४ डिसेंबरला, सकाळी साडेसात वाजता.

तुझ्या मागच्याच सायकलवरची,
तुझीच
पंकजा