वेसमाईचं लुगडं

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

रानखेड, ता. संग्रामपूर
७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. संजीवनीताईस, धाकट्या अन्नपूर्णेचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर सूनबाई करिष्मा जवळच असते, म्हणून कागदावर लिहिते. वेशीवरचा रस्ता रुंद होऊन राह्यला. आमची वेसमाय, वेशीची शेंदराची देवी, आडवी येते म्हणून उचलून टाकणार होते. पुरातत्त्वाचे साहेब म्हणाले, शेंदराखाली जुनं कोरीव काम निघालं तर दगड जागीच राहील, पाटीही लागेल. शेंदराचा मान आमच्या घराचा, म्हणून शेंदूर सोडवायचं माझ्यावर आलं.

ताई, करिष्माले सातवा लागला. आधीचे दोन गेले, तुले माहीतच आहे. या खेपेला वेसमाईले हिरवं लुगडं बोलले, घेऊनही ठेवलं. घरात गर्भारशी अन् मी देवीचं अंग सोलू? यांचं एकच, काऊन भेतं वं, म्हणे. लवकर कळव.

आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी अन्नपूर्णा

शेगाव
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अन्नपूर्णेस अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊनच महाराजांच्या दर्शनाला गेले. तिथं तुझी दिवाळी आठवली. चिंच लावून देवघरातले देव घासतेस, तेव्हा नाही का पाप लागत? सोलतेस कशाला, न्हाऊ घाल. कोमट तेल, कापसाचे बोळे; सुरी लावू नको. दगड नालीत गेला तर नवस कुठं फेडशील? अन् करिष्माले सांग. सासू लपवते तेव्हा सून जास्त भेते.

चहाच्या साखरेतली काटकसर मायेत करू नको.

ताई

रानखेड
१६ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

न्हाऊ घातलं. पापुद्रा सुटला अन् बायका पुढे सरकल्या. ताई, माय नाहीच, मिशा आहेत! हाती तलवार, मागे गाई. साहेब म्हणाले, हा वीरगळ. गावच्या गाई पळवणाऱ्यांशी लढताना पडलेल्याचा दगड. रस्ता आता वळून जाईल. शेजारची गीताबाई म्हणे, आजवर बाप्याले बांगड्या चढवल्या, बिचारा लाजून शेंदरात तोंड लपवून बसला असन. साऱ्या हसल्या. मी तेलाचे बोळे वेचत राह्यले. मायच नव्हती, तर माझा नवस ऐकला कोणी?

घरी येऊन करिष्माले सारं सांगितलं. ती म्हणाली, आई, जो गाईंसाठी उभा राह्यला तो लेकरासाठी काऊन नाही राहणार?

काल शुक्रवारी त्याले उपरणं वाहिलं. वेसमाईसाठी आणलेल्या बांगड्या करिष्माच्या हातात भरल्या. लुगडं वाया कशाला जाऊ देऊ? दुपटी कापली. जन्माआधी लेकराचं शिवत नसतात. मागच्या दोन्ही खेपांना मी सुई धरली नव्हती. काल धरली. टाका वाकडा आला. उसवला नाही.

एक टाका तुझ्यासाठी ठेवला आहे, ये.

तुझी अन्नपूर्णा