बाराव्या दगडापर्यंत अठ्ठ्याहत्तर

पिएवे सोर्बा,
सोमवार, जुलै १९५८ (दुकानाची सुट्टी)

माननीय लेआर्कोदाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे आर्मिदोचा, आदरपूर्वक नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः जितकी कुरकुरते त्या मानाने गुडघे बरेच समजूतदार म्हणायचे. नीवेसताईची कंबर, तुमचं पित्त आणि बोलोन्याच्या ट्रामगाड्या या तिघांची तब्येत कशी आहे ते सवडीने कळवावं. (हे पाकीट हाताला जरा मऊ लागलं असेल. आत काय आहे ते शेवटी सांगितलं आहे. तोपर्यंत खिडकी बंद ठेवावी आणि पंखाही लावू नये.)

ईस्टरच्या जेवणाची आठवण तुम्हाला असेलच. मला तर आहे, कारण तोर्तेल्लीनीचा दुसरा वाडगा माझ्या घशाखाली उतरला नव्हता. मी सहज, कोणाला न दुखवता, एवढंच म्हणालो होतो की माझी स्कूटर पंच्याहत्तर जाते. त्यावर तुम्ही चमचा खाली ठेवलात, तोंड पुसलंत आणि आईसमोर, ताईसमोर, खुद्द फादर कालिस्तोंसमोर म्हणालात, "पासष्टला शिवली तरी पुष्कळ झालं. वेगाच्या काट्याचं काय सांगतोस? तोही तुझ्यासारखाच न्हावी आहे, गिऱ्हाईक खूश ठेवतो." सगळे हसले. आई सर्वांत जास्त हसली. मग पैज ठरली. पासष्टच्या खाली राहिली तर माझी मिशी जाईल. पासष्टच्या वर गेली तर पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाच्या पंगतीत, तुम्ही हातात ग्लास घेऊन उभं राहाल आणि आर्मिदोची स्कूटर ही स्कूटरच आहे असं गावासमोर कबूल कराल.

दाजी, तुम्ही शहरात ट्रामवर नोकरी करता. ट्राम रुळावरून जाते, ती किती जोरात जाते हे तिला कोणी विचारत नाही. पण आमच्या घराण्यात माझ्याआधी जो तो पायीच गेला. बाबांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या करायला चालत जाऊन दोन तळवे झिजवले. त्यांच्या मुलाकडे आता फिकट हिरव्या रंगाची, पोंतेदेराच्या कारखान्यातली, तिसऱ्या मालकाच्या हातची का होईना, पण स्वतःची स्कूटर आहे. रविवारी मी तिला चौकात उभी करतो तेव्हा माझी छाती कशी फुगते ते मी तुमच्यापासून लपवत नाही. आणि माझी मिशी म्हणाल तर ती मिशी नसून दुकानाची पाटी आहे. टोकाला मेण लावून ती मी अशी वर वळवतो की पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाला आपली दाढी वाढली आहे असं वाटायला लागतं. या दोन गोष्टींपैकी एकीने दुसरीची अब्रू राखायची होती.

आता वेग मोजायचा म्हणजे कुठे, हे आपल्या खोऱ्यात कोणी विचारत नाही. अकरा किलोमीटरच्या दगडापासून बाराच्या दगडापर्यंत. बाराच्या दगडाला लागूनच ब्रूनाची 'बारावा' खानावळ, तिथे सावली, तिथेच लाल वाइन, आणि आतल्या भिंतीवर तो काळा फळा, ज्यावर सर्वांत वर खडूने लिहिलेलं आहे: लेआर्को, नव्वद. (गेल्या ऑगस्टपासून ब्रूना तेवढी ओळ सोडून बाकीचा फळा पुसते. मी तिथे बसलो की पाठ मुद्दाम त्या भिंतीकडे करतो.) बाराच्या पुढे मात्र कोणी मोजत नाही. बारा ते तेरा या पट्ट्यात नदीवरचा वारा गाडीला मागे ओढतो, ही गोष्ट इथे बाळ जन्मल्यापासून ऐकतं. तिथे सगळ्यांच्याच गाड्या मंदावतात. मिलानला बनलेली तुमची गाडीसुद्धा मंदावली होती आणि तुम्हीच म्हणाला होतात की हा वारा तब्येतीला वाईट.

सायकल मंडळाचं घड्याळ फादर कालिस्तोंकडे असतं, आणि ते घड्याळ हातात घेतलं की फादर प्रार्थनेच्या वेळेपेक्षाही कडक होतात. त्यांचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत, तुम्हीही त्यातून गेला आहात. गाडी आधीपासून पूर्ण वेगात असली पाहिजे. ट्रकच्या मागे लपून जायचं नाही. उतार चालणार नाही. जाताना एकदा आणि येताना एकदा मोजायचं, म्हणजे वारा एका बाजूने मदत करील तर दुसऱ्या बाजूने वसूल करील, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. मी स्वतःहून काही भर घातली. नाश्ता केला नाही. खिशातला कंगवा, किल्ल्या आणि संत अंतोनचं पदक आईच्या हवाली केलं. (पदक परत घातलं. आई म्हणाली की संतांना वजन नसतं.) मिशीला दुप्पट मेण लावलं.

खूण करायला अकराच्या दगडापाशी आईला खुर्ची टाकून बसवलं होतं. मी समोरून गेलो की तिने पांढरा टेबलक्लॉथ खाली टाकायचा, आणि तो पडताना पाहून फादरांनी खानावळीच्या गच्चीवरून घड्याळ सुरू करायचं. फादरांची दृष्टी कशी आहे ते आपण जाणतो. गेल्या नाताळात त्यांनी मेयरच्या बायकोला मेयर म्हणून आशीर्वाद दिला होता. पण त्या दिवशी त्यांना टेबलक्लॉथ तर दिसलाच, शिवाय आई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती हेही दिसलं. हवा फार स्वच्छ आहे असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

आणि मग मी निघालो. दाजी, मी हँडलवर असा आडवा झालो होतो की हनुवटी काट्याला टेकत होती. काटा ऐंशीवर जाऊन थंडी वाजल्यासारखा थरथरत होता. पॉपलरची झाडं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती, शर्टाचा फुगा झाला होता, आणि मिशीची दोन्ही टोकं वाऱ्याने माझ्या गालांवर थपडा मारत होती. त्या थपडा मला बाबांच्या वाटल्या. जोरात, आणखी जोरात, असं ते म्हणत असावेत. (बाबा हयात असताना थपडांचा अर्थ वेगळा असायचा.) मी बाराच्या दगडासमोरून गेलो तेव्हा ब्रूना दारात उभी राहून एप्रन हलवत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याचं होतं, पण सगळंच वाऱ्याचं नव्हतं.

दोन्ही फेऱ्यांचा मध्य आला सेहेचाळीस सेकंद. फादरांनी गच्चीवर बसून तीनदा भागाकार केला आणि मग खाली येऊन जाहीर केलं: अठ्ठ्याहत्तर. मला लोकांनी उचललं. ब्रूनाने फळ्यावर तुमच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. (जरा मोठ्या अक्षरात, पण ते तिचं हस्ताक्षरच तसं.) पुढचा आठवडाभर मी कोणाच्याही दाढीला हात लावण्याआधी ही गोष्ट सांगत असे, आणि माणसं खुर्चीत अडकलेली असल्यामुळे ती पूर्ण ऐकत असत. पत्र इथेच संपवून तुम्हाला पाठवावं असं मनात होतं. कागदही घेतला होता.

पण गेल्या गुरुवारी दुकानात एक परका माणूस दाढीला आला. सभ्य, चष्मेवाला, बुटांवर धूळ. प्रांताच्या रस्ते खात्यातला मोजणीदार. नाव सिन्योर बासानी. साबणाचा फेस अर्धा लावून झाला तेव्हा तो आपणहून बोलायला लागला, जसे सगळेच बोलतात. म्हणाला की तुमच्या खोऱ्यात एक चमत्कार आहे, तेराव्या किलोमीटरला जास्त रस्ता आहे आणि बाराव्याला कमी. मी वस्तरा परजत सहज विचारलं की कमी म्हणजे किती. तो म्हणाला, "दोनशे मीटर. बाराचा दगड जिथे हवा त्याच्या दोनशे मीटर अलीकडे उभा आहे. कोणीतरी हलवलाय." माझा हात त्याच्या गळ्यापाशी होता. तो थांबला हे सिन्योर बासानींचं नशीब.

मागच्या खोलीत आई टॉवेल घड्या करत होती. ती तिथूनच म्हणाली, "कोणीतरी कशाला? यानेच हलवलाय. याने आणि माझ्या जावयाने. दोघांच्या शर्टांना लागलेला दगडाचा पांढरा रंग महिनाभर धूत होते मी."

आता तुम्हालाही आठवलं असेल. लढाई संपली त्या उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला, ब्रूनाच्या वडिलांनी नव्या कडेला खानावळ बांधली, 'बारावा' नाव रंगवून झालं आणि मग लक्षात आलं की दगड खूप पुढे राहिला. खानावळ हलवणं कठीण होतं. म्हणून संध्याकाळी आठ माणसांनी दगड आणला. पुढच्या बाजूला डावीकडे मी आणि उजवीकडे तुम्ही, कारण तेव्हा तुमचं ताईशी लग्न ठरायचं होतं आणि तुम्हाला ताकद दाखवायची होती. त्या रात्रीची वाइन फुकट होती. खरं सांगतो दाजी, दगड हलवला हे मला तेरा वर्षं ठाऊक होतं. किलोमीटर हलला हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि नदीवरच्या त्या वाऱ्याला आपण विनाकारण शिव्या देत आलो.

मोजणीदाराची उरलेली दाढी मी कशी केली ते आठवत नाही. तो गेल्यावर साबणाच्या कागदावर मीच भागाकार केला. आठशे मीटर, सेहेचाळीस सेकंद. बासष्ट आणि काही किरकोळ. तुम्ही ईस्टरला म्हणालात तेच. मी आरशासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसलो. आई आली, तिने आकडा पाहिला आणि म्हणाली, "बासष्ट काय वाईट? तुझा बाप चार जायचा." ती समजूत घालत होती की टोमणा मारत होती ते कळलं नाही, पण मला बरं वाटलं. बासष्ट हा खरा आकडा आहे आणि तो माझ्या गाडीचा आहे. त्याचाही मला अभिमान आहे.

ताईला नमस्कार सांगावा. पंधरा ऑगस्टला वेळेवर यावं, आई तुमच्यासाठी तोर्तेल्लीनी वळायला घेणार आहे. आमच्यावरचा लोभ काट्यावर दिसतो त्यापेक्षा खरा असू द्यावा, एवढंच मागणं.

तुमचा मेहुणा,
आर्मिदो

ता. क. मागणं तेवढंच नाही. रस्ते खातं दगड मूळ जागी नेणार असं कळल्यापासून ब्रूना जेवत नाही. 'बारावा' खानावळ साडेअकरा आणि बाराच्या मध्ये कुठेतरी लटकणार. गावाने प्रांताला अर्ज केला आहे की दगड वाडवडिलांपासून इथेच आहे. त्यावर गणवेश घालणाऱ्या, सरकारी पगार घेणाऱ्या एका प्रतिष्ठित माणसाची सही हवी. असे आमच्या ओळखीत तुम्हीच आहात. सोबत अर्ज जोडला आहे. सही करताना एक विचार करावा. गेल्या वर्षीचे तुमचे चाळीस सेकंदही याच दोन दगडांमधले आहेत. दगड हलला तर ब्रूनाला फळ्यावर नव्वद पुसून बहात्तर लिहावं लागेल. फादरांनी भागाकार करून ठेवला आहे.

ता. क. २. वरचा मुद्दा मला उशिरा सुचला, हे माझं दुर्दैव. तो आधी सुचता तर मी शांत बसलो असतो. पण बासष्ट आकडा पाहिला त्याच संध्याकाळी मी शब्द पाळून मोकळा झालो होतो. पाकिटात जे मऊ लागतं आहे ते तेच. दोन्ही टोकं शाबूत आहेत, मेण काढलेलं नाही. ताईला दाखवावी, तिला बाबांची आठवण येईल. आई म्हणते की बिनमिशीचा मी तिच्याच वडिलांसारखा दिसतो, आणि ते तिला कधीच आवडले नव्हते.

ता. क. ३. पत्र बंद करणार होतो, पण आज सकाळची गोष्ट सांगायलाच हवी. सिन्योर बासानींनी बाराची खरी जागा रस्त्यावर चुन्याने आखून दिली आहे. म्हटलं, पूर्ण किलोमीटर कसा असतो ते तरी बघावं. फादर आता चुन्याच्या रेघेपाशी उभे होते आणि एवढ्या लांबून त्यांना टेबलक्लॉथ दिसेना, म्हणून आईला खुर्चीवर उभं राहून तो डोक्यावरून फेकावा लागला. जाऊन-येऊन मध्य पंचावन्न सेकंद. पासष्ट आणि वर थोडं. मोजणीदाराने सही केली आहे. गाडी तीच, पेट्रोल तेच, संत अंतोनही तेच. फक्त वाऱ्याला अडवणारं तोंडावर काही उरलं नव्हतं. तेव्हा अर्जावर सही केलीत तर माझे अठ्ठ्याहत्तर, न केलीत तर पासष्टच्या वर. ग्लास कोणता घ्यायचा तेवढं कळवा, ब्रूना घासून ठेवणार आहे.