मागचं गेट

शारजा
१४ फेब्रुवारी २००३

ती. दादास,
प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. लतिकावहिनीचे गुडघे कसे आहेत ते तू लिहीतच नाहीस, म्हणून विचारते.

आता तुला आवडेल अशी बातमी. तुझ्या लाडक्या चीनमधली एक बाई आमच्या मजल्यावर राहायला आलीय. तुझ्याकडे टपालाने यायची ती चिनी मासिकं आठवतात? ट्रॅक्टरवर बसलेल्या गुलाबी गालांच्या बायका? ही तशी नाही. चाळिशी ओलांडलेली, काटकुळी, केस स्वतःच कापलेले. नाव यूलान. समोरच्या अ‍ॅग्नेसने तिला एक खोली भाड्याने दिलीय. अ‍ॅग्नेस वसईची, दुबईत हॉटेलात नोकरी करते. नवरा ॲम्ब्रोज रुवैसच्या रिफायनरीत, वीकेंडपुरता येतो. यूलान मोठी काळी बॅग घेऊन सकाळभर बिल्डिंगी पालथ्या घालते. टेबलक्लॉथ, घड्याळं, बॅटऱ्या. मोडकं इंग्रजी बोलते आणि हिंदीत दोनच शब्द, ‘सस्ता’ आणि ‘मजबूत’.

मला हे प्रकरण सरळ वाटत नाही. म्हणते, मी बेअरिंगच्या सरकारी कारखान्यात माल तपासायचे, कारखाना बंद झाला. नवऱ्याचं विचारलं तर अ‍ॅग्नेसला म्हणाली, वारला. मला म्हणाली, रेस्टॉरंट चालवतो. आणि आमच्या शुभ्राला म्हणे सांगितलं, तो सरकारच्या घरी राहतो. एका नवऱ्याच्या तीन गोष्टी! शाळा सुटली की शुभ्रा अ‍ॅग्नेसकडे असते, आणि अ‍ॅग्नेसची ड्यूटी बदलल्यापासून खरं तर हिच्याकडेच. मी ऑफिसातून जॅममध्ये रखडत येईपर्यंत अंधार पडतो. पोरगी तिच्यावर बेहद्द खूश आहे, तेच मला जास्त टोचतं.

तुला काय वाटतं ते लिही. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, पण पत्राला उशीर करून त्याची परीक्षा बघू नकोस.

तुझी,
प्रमिला

*

चिंचवड
२ मार्च २००३

चि. सौ. प्रमिलास,
अनेक आशीर्वाद.

बाई खोटं बोलते. सरकारी कारखाना म्हणजे कामगारांच्या मालकीचा. मालकाला कोणी घरी बसवतं का? चीनने बाजार खुला केलाय हे मीही वाचतो. पण ते किनाऱ्यावरच्या शहरांत, परदेशी पैशाचे खेळ. जुने मोठे कारखाने पक्षाच्या हातात आहेत. कुठल्या तरी चोरीत सापडली असेल आणि इथे येऊन कारखान्याचं नाव सांगत असेल.

मी उभा जन्म बेअरिंगमध्ये काढलाय. तिला दोन गोष्टी विचार. चकचकीत दिसणाऱ्या बेअरिंगमधला दोष तू कसा ओळखायचीस? आणि कारखाना बंद केला कोणी? दुसऱ्या प्रश्नाला अडखळते का बघ. तोवर शुभ्राला तिच्याकडे ठेवू नकोस.

आमच्या कंपनीत नवे मालक आलेत. कुजबुज आहे, पण युनियन भक्कम आहे. आमचे अध्यक्ष म्हणतात, मी असेपर्यंत एक बोल्टसुद्धा हलणार नाही. वहिनीचे गुडघे तिच्या जिभेइतके चालत नाहीत, एवढंच.

सांभाळून राहा. आमच्या मायेला अंतर नाही.

तुझा दादा,
गुणवंत

*

शारजा
११ एप्रिल २००३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विचारले तुझे प्रश्न. पहिल्यावर ती हसली. म्हणाली, डोळ्यांनी नाही, बोटांनी आणि कानांनी. दुसऱ्यावर मात्र तू म्हणालास तशी अडखळली. आधी उठून दार लावलं, मग बोलली.

म्हणाली, पक्षाचा सेक्रेटरी तोच मॅनेजर. एक दिवस त्याने सभा घेऊन सांगितलं की आता बाजार आलाय, कारखान्याची कंपनी होणार. वर्षभरात ती कंपनी त्याच्या मेव्हण्याची झाली. माणसांना ‘काढलं’ असं कोणी म्हणालंच नाही. ‘तुम्ही आपल्या जागेवरून खाली उतरलात’ असं म्हणाले. क्वार्टर, दवाखाना, मुलीची शाळा, सगळं कारखान्याचं होतं. सगळं एकदम गेलं. तिची आईसुद्धा तिथेच कामाला होती.

खरं बोलतेय असं वाटलं, तेवढ्यात नवीनच सुरू झालं. दोन चिनी पुरुष तिला शोधत आले. ही धावत आमच्या किचनमध्ये शिरली आणि हात जोडून म्हणाली, मी इथे राहत नाही म्हणून सांग. मी सांगितलं. का सांगितलं, मलाच कळत नाही. सरळ माणसाला लपायची गरज काय?

त्यात चीनमधला तो सार्सचा ताप. लिफ्टमध्ये ती शिरली की बाकीचे बाहेर पडतात. वॉचमन खैरुद्दीन तोंडाला मफलर बांधून तिला सलाम करतो. आणि दादा, हल्ली ती खोकते. आमच्या दारापर्यंत ऐकू येतं. हे म्हणतात, पोलिसांना कळवून टाक आणि खलास. शुभ्राचं तिच्याकडे जाणं मी बंद केलं, तर पोरगी माझ्याशी बोलत नाही. मी काय करू? लगेच लिही.

तुझ्या भरवशावर असलेली,
प्रमिला

*

चिंचवड
२० एप्रिल २००३

चि. सौ. प्रमिलास, आशीर्वाद.

विचार कसला करतेस? लपणारी बाई, शोधणारे पुरुष, वर खोकला. घरात लहान मूल आहे. कळव. तिचं बोलणं ऐकून विरघळू नकोस. एवढा मोठा देश आपल्याच माणसांना असा रस्त्यावर टाकणार नाही.

दादा

*

चिंचवड
२५ एप्रिल २००३

चि. प्रमिला,

आधीचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. कळवू नकोस.

काल सकाळी फर्स्ट शिफ्टला गेलो तर गेटला कुलूप. वर कागद: ‘पुनर्रचनेसाठी काम तात्पुरते स्थगित’. काढलं असं कोणी म्हटलेलं नाही. आमच्या अध्यक्षांचा फोन बंद. दुपारी कळलं की कंपनीच्या भंगाराचं कंत्राट त्यांच्याच मेव्हण्याला मिळालंय.

मी गेटसमोर उभा होतो आणि तुझं पत्र शब्दन् शब्द आठवत होतं. आजपासून आम्ही सगळे मुख्य गेटवर धरणं धरून बसलोय. वहिनीला अजून सगळं सांगितलेलं नाही. तू फोनवर तिच्याकडे यातलं काही बोलू नकोस.

दादा

*

शारजा
९ मे २००३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पीओ बॉक्समधून एकाच दिवशी आली. एकात ‘कळव’, एकात ‘कळवू नकोस’. मी तोवर करून बसले होते.

एका सकाळी तिचा खोकला थांबेना, तेव्हा मी खाली जाऊन खैरुद्दीनला सांगितलं. त्याने बिल्डिंगच्या मालकाला, मालकाने आणखी कोणाला. अ‍ॅम्ब्युलन्स आली, मास्क लावलेली माणसं आली. मजल्यावरची सगळी दारं बंद होती, आमचंही. पीपहोलमधून मी बघत होते. ती ओरडली नाही. चपला नीट घालून त्यांच्याबरोबर चालत गेली. शुभ्रा मागे उभी होती. म्हणाली, “मम्मा, यू डिड धिस.”

साधी छातीची सर्दी निघाली. हॉस्पिटलने घरी सोडलं, पण मालकाने तिची बॅग खाली रिसेप्शनमध्ये आणून ठेवली होती. अ‍ॅग्नेस रडत होती, तरी किल्ली द्यायची तिची हिंमत होत नव्हती. मी बॅग उचलली आणि यूलानला आमच्याकडे आणलं. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

जेवताना मी तिला सांगितलं की मीच कळवलं होतं. ती म्हणाली, माहीत आहे, माझी मुलगी घरात असती तर मीही तेच केलं असतं. आणि आमटी वाढून घेतली.

मग नवऱ्याचं सांगितलं. कारखान्याचे पगार थांबले तेव्हा माणसं महापालिकेवर मोर्चा घेऊन गेली. तो पुढे होता. पकडून नेलं. तेव्हापासून कोणी चिनी माणूस दिसला की तिला वाटतं, हा सरकारचा. ते दोघे तसलेच, अशी तिची खात्री.

पण त्यातल्या एकाने खैरुद्दीनकडे दुकानाचं कार्ड ठेवलं होतं. मी म्हटलं, दिवसाउजेडी जाऊ, मी बरोबर येते. दुबईतल्या देराच्या गल्लीत थर्मासचं दुकान निघालं. ती दारातच उभी राहिली, आत येईना. ते दोघे तिच्याच कारखान्यात काम केलेले, फक्त दुसऱ्या विभागातले. निरोप घेऊन आले होते: नवरा मार्चमध्ये सुटला, घरी आहे. ती तोंडावर म्हणाली, खोटं. हे सापळा लावतायत, असं माझ्या कानात इंग्रजीत सांगितलं.

घरी येऊन आमच्या फोनवरून, परदेशी फोनचं कार्ड वापरून तिने घरचा नंबर फिरवला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. तरी विश्वास नाही! तिने काहीतरी विचारलं. त्याने काहीतरी उत्तर दिलं. आणि ही एकदम इतकी मोठ्याने भांडायला लागली की शुभ्रा घाबरून विचारते, “इज शी अँग्री?” कार्ड संपेपर्यंत भांडली. मग जमिनीवर बसून रडली. मी म्हटलं, त्याला विचारलंस तरी काय? तर म्हणाली, कँटीनमध्ये आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या डब्यात काय होतं? तो म्हणाला, डबा कुठे होता, माझ्यातलंच खाल्लंस की.

तुझ्या गेटचं मी तिला सांगितलं. तिने सांत्वन केलं नाही. संशयाने विचारलं, तुझा भाऊ कुठल्या गेटवर बसतो? मी म्हटलं, मुख्य गेटवर, सगळ्यांबरोबर. तर म्हणाली, आम्हीही तिथेच बसलो होतो, घोषणा देत. तेवढ्यात मागच्या गेटने ट्रकमधून मशिनं गेली. मशिनं गेल्यावर कारखाना परत मागायला उरलंच काय? त्याला मागे बसायला सांग.

हे आधी वाच, बाकीचं नंतर. आणि वहिनीला सगळं सांग. तिला आधीच संशय आलाय, मला तिचं पत्र आलंय.

तुझी,
प्रमिला

*

चिंचवड
१२ जून २००३

चि. सौ. प्रमिलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मुख्य गेटवरून उठलो. सोबतचे म्हणाले, गुणवंत फुटला. दोघांनी तर तोंडावर विचारलं, मालकाने किती दिले? मागच्या बाजूला, नाल्याकडच्या गेटवर मी, लतिका आणि कँटीनमधल्या चार बायका, एवढेच जण बसायला लागलो. वहिनीला खाली बसता येत नाही, तिच्यासाठी घरून स्टूल नेला.

गेल्या आठवड्यात मंगळवारी भर दुपारी, पुढे सगळे जेवत असताना, आतून ट्रक आला. ताडपत्री टाकलेली. ड्रायव्हर म्हणाला, भंगार आहे. लतिकाने स्टूल उचलून ट्रकच्या पुढे ठेवला आणि त्यावर बसली. मी चढून ताडपत्री ओढली. खाली आमची तीन ग्राइंडिंग मशिनं होती, मी चालवायचो तेही. अध्यक्षांचा मेव्हणा गाडीतून उतरला आणि मला ‘साहेब’ म्हणायला लागला. मी ओरडलो, तशी पुढची सगळी माणसं पळत मागे आली. ट्रक उलटा आत गेला. आता कोर्टाने मशिनं हलवायला मनाई केलीय. गेट अजून बंदच आहे, आणि उघडेल असं मी तुला खोटं सांगणार नाही.

यूलानबाई अजून तुझ्याकडे आहेत का? सार्समुळे बंद पडलेली विमानं सुरू झाली की जाणार, असं त्या म्हणाल्याचं वहिनीला लिहिलेल्या पत्रात तू कळवलंस. असतील तर ट्रकचं सगळं नीट सांग, शुभ्राला इंग्रजी करायला लाव. गेल्या असतील तर पत्ता पाठव, मी लिहीन. चोर म्हटलं होतं मी त्यांना.

वहिनी विचारते, त्यांच्याकडे मागच्या गेटवर कोणीच नव्हतं का?

आम्हा दोघांची माया तुम्हा सगळ्यांवर आहे, आता त्यांच्यावरही.

तुझा,
दादा