ओफाकिमच्या घराचं पत्र

पप्पा, काल खालच्या मजल्यावरची आपल्यातलीच, मुंबईकडच्या ज्यूंपैकी एक बाई माझ्याकडे फॉर्म भरून घ्यायला आली. तिचा सासरा अ‍ॅम्ब्युलन्सवर होता, पाठ गेली म्हणून घरी बसला, आणि आता त्याच्या नातवाला कॉलेजात जायचंय. बंबावरच्या आणि अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या लोकांच्या मुलाबाळांना फीसाठी मदत देणारा तो फंड अजून चालू आहे. कागद बदललाय, प्रश्न मात्र तोच आहे: अर्ज नातवंडासाठी असेल तर आजोबा त्याच घरात राहतात का? तो वाचून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आगीत शिरणाऱ्याला कोणी दारात थांबवून विचारतं का, बाबा रे, तुझ्या घरी कोण कोण राहतं?" बाई बावरली. म्हणाली, "आंटी, तुम्हाला वेळ नसेल तर राहू द्या." तिचा काय दोष? मी फॉर्म भरून दिला, चांगल्या अक्षरात.

तुम्हाला तो फॉर्म आठवत असेल. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, माझी छोटी सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून आली होती आणि तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. बंदरातल्या ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप करून माझं घर चालत होतं, कॉलेज चालणारं नव्हतं. तुम्ही मुंबईत बंबावर होता आणि इथे येऊन ओफाकिमच्या स्टेशनातही रिटायर होईपर्यंत बंबावरच. वडील नसलेली नात त्या फंडाच्या नियमात बसत होती, पण तिचा आजोबा तिच्याबरोबर राहत असला तरच. मी ओफाकिमला आले आणि तुम्हाला म्हटलं, ओळखपत्रावर पत्ता तेवढा माझ्या अश्दोदच्या घराचा करून घेऊ. तुम्ही विचारलंत, "आणि राहायचं कुठे?" मी म्हटलं, "राहा की इथेच, कोण बघायला येतंय!" तुम्ही मान हलवलीत. "बाय, खोटा पत्ता लिहायचा नाही. माणूस कुठे आहे ते बंबाला खरं कळलं पाहिजे." आणि दुसऱ्याच आठवड्यात बॅग घेऊन तुम्ही माझ्या दारात उभे होता.

काय सोडून आला होता हे मला ठाऊक होतं. तळमजल्याची दोन खोल्यांची सरकारी जागा, पुढे तेलाच्या डब्यांत लावलेला कढीपत्ता आणि अळू, शेजारचा मोरोक्कोवाला म्हातारा, ज्याच्याशी तुम्ही अर्ध्या हिब्रूत आणि अर्ध्या हातवाऱ्यांनी भांडायचात. आणि स्टेशन तर हाकेच्या अंतरावर. भोंगा झाला की तुम्ही जेवण टाकून खिडकीशी जायचात, मनगटावरच्या घड्याळात बघायचात आणि बंब बाहेर पडला की स्वतःशी म्हणायचात, "आज उशीर केला गाढवांनी." अश्दोदला तिसऱ्या मजल्यावरून तुम्हाला फक्त जहाजांचे भोंगे ऐकू यायचे. त्यांचा तुम्हाला काही उपयोग नव्हता.

फंडाची बाई खरोखरच घर बघायला आली. मी तुम्हाला पढवून ठेवलं होतं की आतली खोली तुमची आहे म्हणून सांगा. तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही झोपता कुठे?" तुम्ही सरळ हॉलमधल्या कोचाकडे बोट दाखवलंत. तुम्ही तुमच्या त्या मोडक्या हिब्रूत म्हणालात, "पोरगी आत, तिची आई आत, मी दाराजवळ. काही झालं तर दार आधी मी उघडणार." बाई हसली आणि तिनं तिथेच सही केली. तुमचा खरेपणा माझ्या खोट्यापेक्षा जास्त चालला, आणि पप्पा, मला त्याचाच राग आला.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी तुम्ही छोटीबरोबर गेलात. संध्याकाळी ती लालबुंद होऊन परत आली. तुम्ही म्हणे वर्ग बघितलाच नाही, सगळ्या जिन्यांवरून फिरलात आणि मागच्या दाराला साखळी लावलेली बघून वॉचमनला झापलंत. "सबा, मस्पिक!" ती ओरडली, पुरे आता, आजोबा. तुम्ही मराठीत म्हणालात, "शिकायला जाते आहेस ना? पहिला धडा हाच. बाहेर पडायची वाट कुठे आहे ते आधी बघायचं." ती हिब्रूत काहीतरी पुटपुटली. पुढच्या आठवड्यात तिनंच जेवताना सांगितलं, साखळी काढली.

आता ओफाकिमच्या घराच्या त्या पत्राचं. तुमचा पत्ता बदलल्यामुळे तुमची सगळी पत्रं माझ्या घरी यायची. तुम्ही रोज खाली जाऊन पेटी उघडायचात, चष्मा लावून पाकीट उलटसुलट बघायचात आणि मग माझ्याकडे आणायचात, कारण हिब्रू बोलता आलं तरी वाचता तुम्हाला कधी आलं नाही. आपल्या सगळ्यांच्याच घरात ही रीत होती. म्हातारी माणसं पाकीट आणून मुलांच्या हातात द्यायची आणि मुलं म्हणतील ते सरकारनं म्हटलेलं. त्या दिवशी मी मासे साफ करत होते. हात पुसून पत्र उघडलं. सरकारी घरांच्या ऑफिसचं होतं. ओफाकिमची जागा बंद आढळली आहे, तुम्ही तिथे राहत नसाल तर ती काढून घेतली जाईल, राहणार असाल तर महिन्याच्या आत येऊन तसं लिहून द्या. छोटीचं पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं. तुम्ही तिथे राहतो असं लिहून दिलं असतं तर तिची मदत त्याच दिवशी बंद झाली असती. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "काही नाही, भाड्याचं आहे. दरवर्षी पाठवतात." आणि तुम्ही खूश होऊन म्हणालात, "तुला कॉन्व्हेंटात घातलं ते बरं केलं. कोण फसवणार तुला!" त्या कॉन्व्हेंटसाठी तुम्ही ड्युटी संपल्यावर नाटकांच्या थिएटरात बंबवाल्याची जादा ड्युटी करायचात, विंगेत उभे राहून, नाटक न बघता पडद्यांकडे बघत. नन्सनी मला वाचायला शिकवलं ते असं कामाला आलं.

दुसरं पत्रही आलं. मग मी तुम्हाला सांगितलं की थंडीचे कपडे आणायला जाते, आणि बसनं ओफाकिमला जाऊन तुमची जागा रिकामी केली. रजया, आईचा फोटो, भांडी आणली आणि तुम्हाला म्हटलं, इथे लागतील. किल्ली ऑफिसच्या खिडकीत सरकवली. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तो येणार ना परत?" मी हो म्हटलं. तिथे पुढे रशियाहून आलेलं कुटुंब राहायला गेलं.

हे सगळं करूनही मी गप्प आणि गरीब झाले असते तर एक वेळ ठीक होतं. मी आणखी तिखट झाले. सणाच्या आधी मी गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळत होते, फोन वाजला म्हणून बाहेर गेले, आणि परत येऊन बघते तर तुम्ही गॅस बंद केलेला. हलव्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "पेटता गॅस सोडून जायचं नाही, बाय." मी ओरडले, "हे स्टेशन नाही! असले कायदे तुमच्या घरी करा!" तुमच्या घरी. किल्ली देऊन आल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. तुम्ही कोचावर जाऊन बसलात.

छोटी पास झाली. पेढे वाटून झाले आणि तुम्ही कोचाखालून बॅग काढलीत. "माझं काम झालं. आता मी जातो. मुळं जिवंत असतील तर कढीपत्ता परत फुटेल." मला सांगावंच लागलं. सांगितलं ते काय? की सरकारनं जागा काढून घेतली, मलाही आत्ताच कळलं. तुम्ही विचारलंत, "पत्र नाही पाठवलं?" मी म्हटलं, "नाही! ही असलीच माणसं आहेत, पत्र पाठवायचीसुद्धा लाज!" आणि मग मी सरकारला, ऑफिसला, त्या रशियन लोकांना अशा शिव्या दिल्या की माझा आवाज चढून चढून फाटला, आणि दोन मिनिटं मला ते सगळं खरंच वाटलं. तुम्हीच मला पाणी आणून दिलंत. म्हणालात, "जाऊ दे. कुणाला तरी गरज असेल." बॅग परत कोचाखाली गेली.

पुढची दोन वर्षं सिनेगॉगबाहेरच्या बाकावर तुम्ही आपल्या म्हाताऱ्यांना सांगायचात, "मुलगी सोडतच नाही, काय करू?" मी भाजी घेऊन जवळून जात असले तर ते माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मीही मान खाली घालून हसायचे. आणि पप्पा, आणखी एक गोष्ट मी तेव्हाच बघितली होती. बॅग परत कोचाखाली गेली त्या दिवसानंतर पेटीतलं एकही पत्र तुम्ही माझ्याकडे आणलं नाहीत. छोटी दवाखान्यातून येईपर्यंत पाकीट मांडीवर घेऊन बसायचात आणि तिच्या हातात द्यायचात. मी मनाला सांगितलं, नात ग्रॅज्युएट झाली म्हणून मिरवतायत. तुम्ही जाईपर्यंत मी विचारलं नाही, आणि तुम्ही तिला काही बोलला होता का, हेही मला आजवर माहीत नाही. तिला विचारण्याचं धाडस माझ्यात नाही. ती आजही लोकांची मोडलेली अंगं नीट करते, आणि जिथे जाईल तिथे आधी जिना बघते.

पेटीत टाकायला या पत्राला पत्ता नाही, हे मला कळतं. मराठीत लिहिताना मी स्वतःला सांगत होते की तुम्हाला दुसरं काही वाचता येत नव्हतं म्हणून. ते खरं नाही. छोटीला मराठी वाचता येत नाही, म्हणून लिहिलंय.